परदेशातून मुखत्यारपत्र: भारतीय दूतावासातल्या साक्षांकनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे, गावच्या जमिनीवर वारस नोंद करायची आहे, बँकेतलं खातं भावाने सांभाळावं असं वाटतं, आणि तुम्ही आहात न्यू जर्सीत, दुबईत किंवा मेलबर्नला. अशा वेळी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर महाराष्ट्रातल्या मालमत्तेसाठी करायच्या मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे आपल्या वतीने सह्या-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, मुखत्याराला, देणारा कागद) आहे, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या त्यातच होतात. शुल्क, अपॉइंटमेंटची पद्धत आणि अर्ज देशागणिक बदलतात. ते तुमच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात पाहून घ्या, कोणा मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर विसंबू नका.

दूतावास नेमकं काय करून देतो?

समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे आणि तिने आपल्यासमोर सही केली, एवढंच तिथला अधिकारी लिहून देतो. १९४८ च्या ‘डिप्लोमॅटिक अँड कॉन्सुलर ऑफिसर्स (ओथ्स अँड फीज) ॲक्ट’ने त्याला शपथ देण्याचा, प्रतिज्ञापत्र घेण्याचा आणि नोटरीची कामं करण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे त्या खिडकीपुरता तो आपल्याकडच्या कोर्टाबाहेर बसलेल्या नोटरीसारखाच. कागदातला मजकूर बरोबर आहे का, गट नंबर चुकला आहे का, फ्लॅटवर कर्ज आहे का, यातलं काही तो तपासत नाही. बहुतेक शिक्क्यांवरच तसं छापलेलं असतं की मजकुराची जबाबदारी दूतावासाची नाही.

लोक हा शिक्का मिळवण्यासाठी रजा काढतात, चार तास गाडी चालवतात आणि मसुदा मात्र आदल्या रात्री इंटरनेटवरून उतरवतात. हे उलटं व्हायला हवं.

मग सुरुवात कुठून करायची?

कागद जिथे दाखवायचा आहे तिथून. घर विकायचं असेल तर त्या भागातलं दुय्यम निबंधक कार्यालय, जिथे दस्त नोंदवतात ते, खरेदीदार कर्ज घेत असेल तर त्याची बँक, सोसायटीचं काम असेल तर सोसायटीचे सेक्रेटरी. कर्ज देणाऱ्या बँकेचे वकील मुखत्यारपत्र स्वतः वाचतात आणि त्यात हवं ते वाक्य नसेल तर फाइल परत पाठवतात. बँक खात्यासाठी तर बहुतेक बँकांचा स्वतःचा छापील नमुना असतो, दुसरा त्या घेतच नाहीत. म्हणून मसुदा तयार झाला की तो भारतातल्या वकिलाला, आणि जमलं तर समोरच्या पक्षाच्या वकिलालाही, ईमेलने दाखवा. त्यांनी होकार दिला की मगच अपॉइंटमेंट घ्या.

दूतावास, कॉन्सुलेट, हाय कमिशन: आपण कुठे जायचं?

राजधानीत दूतावास, इतर मोठ्या शहरांत कॉन्सुलेट म्हणजे वाणिज्य दूतावास. राष्ट्रकुल देशांत दूतावासालाच हाय कमिशन म्हणतात, म्हणून लंडन, कॅनबेरा, ओटावा इथे ते नाव दिसेल. काम तेच. तुमचा पत्ता कोणाच्या अधिकारक्षेत्रात येतो ते मात्र पाहा. अमेरिकेत राज्यांची वाटणी केलेली आहे, आणि शेजारच्या राज्यातलं कॉन्सुलेट जवळ पडतं म्हणून तिथे गेलात तर परत पाठवतील. अनेक देशांत अर्ज थेट दूतावासात घेत नाहीत, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये व्हीएफएस ग्लोबलसारख्या बाहेरच्या कंपनीच्या केंद्रातून तो आत जातो. मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्यांसाठी दूतावास अधूनमधून शिबिरं भरवतात, ती बरेचदा तिथल्या भारतीय संस्थांच्या मदतीने होतात. वयस्कर आई-वडील सोबत असतील तर त्या तारखांवर लक्ष ठेवा.

घराजवळच्या नोटरीकडे सही केली तर चालत नाही का?

चालू शकते, पण नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर थांबू नका.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ नुसार भारताबाहेर राहणाऱ्या माणसाचं मुखत्यारपत्र नोटरी पब्लिक, कोर्ट, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, भारतीय कॉन्सल किंवा व्हाइस कॉन्सल यांच्यापुढे केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असलं पाहिजे. ‘नोटरी पब्लिक’ म्हणजे फक्त भारतातला का, हा वाद १९७० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कागद कॅलिफोर्नियातल्या नोटरीपुढे केलेला होता. परदेशी नोटरीही चालतो असं न्यायालयाने सांगितलं. पण त्याच खटल्यातलं पहिलं मुखत्यारपत्र सदोष ठरलं, कारण सही करणारा माणूस तोच आहे याची नोटरीने खात्री केल्याचं त्यावर कुठे दिसत नव्हतं. दुसऱ्या, नीट केलेल्या कागदाने बाजू सावरली. आजही परदेशी नोटरीने नुसती सही करून तारीख टाकली असेल तर तो कागद लंगडाच. ओळख कशावरून पटवली ते त्याच्या मजकुरात यायला हवं.

हा झाला निकाल. प्रत्यक्षात दुय्यम निबंधकाला कॅलिफोर्नियातल्या नोटरीची सही खरी की खोटी हे कळायचा मार्ग नसतो. त्यासाठी अपोस्टिल असतं, म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र. हेगच्या १९६१ च्या करारानुसार एका देशाने अपोस्टिल लावलेला कागद दुसऱ्या सदस्य देशात वेगळ्या दूतावासी शिक्क्याशिवाय स्वीकारायचा असतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत ज्या राज्यात नोटरी केलं त्याच राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट अपोस्टिल देतो. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी काउंटी क्लार्ककडे एक फेरी पडते. ब्रिटनमध्ये हे काम परराष्ट्र खात्याचं लीगलायझेशन ऑफिस करतं, ऑस्ट्रेलियात परराष्ट्र व्यवहार आणि व्यापार खातं. कॅनडा बराच काळ बाहेर होता, तिथे ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल सुरू झालं.

संयुक्त अरब अमिरातीत अपोस्टिल मिळत नाही, तो देश करारात नाही. दुबई-अबू धाबीतल्या लोकांनी सरळ भारतीय कॉन्सुलेट किंवा दूतावास गाठावा. जर्मनीची गोष्ट वेगळी: जर्मनी करारात आहे, भारतही आहे, पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने हरकत घेतल्यामुळे या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही. म्युनिक-फ्रँकफुर्टकरांनाही कॉन्सुलेटच.

माझं मत विचाराल तर, मालमत्ता विकायची असेल आणि कॉन्सुलेट एका दिवसात जाऊन येण्यासारखं असेल, तर कॉन्सुलेटच बरं. अशोकस्तंभाचा शिक्का तालुक्याच्या कार्यालयातल्या कारकुनालाही ओळखता येतो. सोनेरी सील लावलेलं टेक्ससचं अपोस्टिल त्याला समजावून सांगावं लागतं, मग ते कायद्याने कितीही पक्कं असो.

कॉन्सुलेटमध्ये साक्षांकन झाल्यावर अपोस्टिलही लागतं का?

नाही. राजनैतिक किंवा कॉन्सुलर अधिकाऱ्यांनी केलेले कागद त्या करारातूनच वगळले आहेत. दोन्ही करा असं सांगणारा एजंट दोन्हीचे पैसे घेतो.

महाराष्ट्रातून स्टॅम्प पेपर मागवावा लागतो का?

लागत नाही. साध्या, चांगल्या जाडीच्या कागदावर मजकूर छापा. राज्याबाहेर केलेल्या दस्तावर मुद्रांक लावण्यासाठी महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ ने तीन महिने दिले आहेत, आणि ते मोजायचे दस्त राज्यात पहिल्यांदा पोहोचल्यापासून. तरीही मामाने कुरिअरने स्टॅम्प पेपर पाठवला आणि तो वाटेत अडकला म्हणून अपॉइंटमेंट चुकली, असे फोन येतात.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय न्यायचं, काय पाळायचं?

सही घरून करून जाऊ नका. हे पहिलं. अधिकाऱ्यासमोर सही करायची असते आणि आधीच सही केलेला कागद परत येतो. फोटो लागतो, तो चिकटवून काही ठिकाणी त्यावर अर्धी सही घेतात. प्रत्येक पानावर सही करा. शेवटच्या पानावर नुसत्या सह्या आणि मजकूर मागच्या पानावर, असं होऊ देऊ नका. शेवटच्या पानावर निदान दोन-चार ओळी मजकुराच्या असाव्यात आणि शिक्क्यासाठी जागा मोकळी ठेवावी. खाडाखोड नको, पेनने दुरुस्ती करावीच लागली तर तिथे छोटी सही.

मूळ पासपोर्ट, त्याची प्रत, तिथल्या वास्तव्याचा पुरावा म्हणजे व्हिसा किंवा रहिवासी परवाना, पत्त्याचा पुरावा आणि अर्ज हे जवळपास सगळीकडे मागतात. दोन साक्षीदारांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती अनेक ठिकाणी लागतात. साक्षीदारांना सोबत न्यायचं की नुसत्या सह्या चालतात याचा नियम सगळीकडे सारखा नाही, तो विचारून घ्या. मुखत्याराला साक्षीदार करू नका. दस्ताच्या दोन प्रती न्या, एक बरेचदा दूतावासाच्या दप्तरी राहते. शुल्काबरोबर भारतीय समुदाय कल्याण निधीची थोडी रक्कम घेतात. ती लाच नाही, पावतीत दिसते.

मुखत्यारपत्र मराठीत चालतं का?

महाराष्ट्रात नक्कीच चालतं. अडचण आली तर खिडकीवर येते, कारण समोरचा अधिकारी तमिळ किंवा पंजाबी असू शकतो आणि तो इंग्रजी भाषांतर मागू शकतो. गावच्या जमिनीचं काम असेल तर एकाच दस्तात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी ठेवणं सोयीचं पडतं. मिळकतीचं वर्णन मात्र सातबाऱ्यावर किंवा इंडेक्स टूवर (नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर) आहे तसंच्या तसं मराठीत घ्या: गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. ‘माझी मौजे अमुक येथील शेतजमीन’ एवढ्यावर भागत नाही.

पासपोर्टवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं आहे. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक जणी असतात. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर लागलेलं नाव माहेरचं, पासपोर्टवरचं सासरचं. त्यात काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. म्हणजे कागदोपत्री या दोन स्त्रियांत एक अक्षरही सामाईक नाही. दूतावास पासपोर्टवरच्या नावाचीच ओळख पटवणार, आणि दुय्यम निबंधकाला व तलाठ्याला सातबाऱ्यावरच्या नावाशी मेळ हवा.

उपाय मसुद्यातच करायचा. सुरुवातीला पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, आणि लगेच ‘पूर्वाश्रमीच्या’ म्हणून माहेरचं पूर्ण नाव. सोबत विवाह नोंदणीचा दाखला. नाव राजपत्रात बदलून घेतलं असेल तर त्या राजपत्राची प्रत. विवाहाचा दाखलाच नसेल, जुन्या लग्नांत तो बरेचदा नसतो, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र त्याच भेटीत दूतावासातून साक्षांकित करून घ्या. एकाच फेरीत होतं.

पुरुषांचा घोळ निराळा. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टमध्ये कधी पहिली दोन एका रकान्यात जातात, कधी वडिलांचं नाव गळतं. इथेही तोच उपाय: पासपोर्टवरचं नाव, मग ‘उर्फ’, मग खरेदीखतावरचं. इनिशियल्सवर दस्त करू नका.

कागद भारतात पोहोचला. आता?

इथे मुदत सुरू होते. पाकीट पोहोचलं त्या दिवसाचा पुरावा म्हणजे कुरिअरची पावती, ती जपून ठेवा. तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं. शुल्क किती हे ठरवून घेण्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा अर्ज करता येतो, आणि विक्रीचे अधिकार असलेल्या मुखत्यारपत्रासाठी तो करून घेतलेला बरा. मुदत उलटली तर कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड लागतो.

शुल्काचा आकडा मुखत्यार कोण आहे त्यावर ठरतो. आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी अशा जवळच्या नातेवाइकाला मोबदला न घेता विक्रीचे अधिकार दिले तर ५०० रुपये. तेच अधिकार मित्राला, एजंटला किंवा कंपनीला दिले तर खरेदीखताला लागतं तेवढं शुल्क, म्हणजे मिळकतीच्या बाजारभावावर. कित्येकांना हे कागद झाल्यावर कळतं. त्यामुळे शक्यतो नात्यातला मुखत्यार निवडा आणि नातं दस्तात स्पष्ट लिहा.

पुढे खरेदीखत नोंदवताना मुखत्याराला एक घोषणापत्र द्यावं लागतं: मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे. त्या वेळी तुम्ही फोनवर उपलब्ध असा. आपल्याकडची सकाळची अकराची वेळ म्हणजे न्यूयॉर्कची मध्यरात्र उलटलेली, हे मुखत्याराला माहीत असतंच असं नाही.

‘सर्व अधिकार’ देणारं एकच मोठं मुखत्यारपत्र करून टाकावं का?

नको. भावावर विश्वास आहे म्हणून सगळे करतात, आणि भावाच्या पश्चात काय झालं याच्या कथा कोर्टात ऐकायला मिळतात. एका मिळकतीचं, एका कामाचं विशेष मुखत्यारपत्र करा. त्यात काय काय हवं ते मात्र सुटू देऊ नका: करारनामा आणि खरेदीखतावर सही करणं, दुय्यम निबंधकापुढे दस्त सादर करून कबुली देणं, ताबा देणं, सोसायटी-महापालिका-वीज कंपनीत अर्ज करणं. पैशांबाबत ‘मोबदला माझ्या अमुक बँकेतल्या एनआरओ खात्यातच जमा व्हावा’ हे वाक्य घाला (एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं). आपले अधिकार मुखत्याराने पुढे तिसऱ्याला देऊ नयेत हेही लिहा.

मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे खरेदीदारालाही सांगायची वेळ येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या ‘सूरज लॅम्प’ निकालात ते स्वच्छ सांगितलं आहे. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय फ्लॅट कोणाच्या नावावर होत नाही.

बहिणीला हक्कसोडपत्र द्यायचं आहे. ते दूतावासात करून पाठवलं की झालं?

झालं नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, आणि दूतावासात नोंदणी होत नाही. मार्ग असा: भारतातल्या कोणा नातेवाइकाला हक्कसोडपत्र करून नोंदवण्यापुरतं मुखत्यारपत्र द्या, त्यात कोणाच्या लाभात, कोणत्या मिळकतीतला, किती हिस्सा सोडताय ते लिहा. ज्याच्या लाभात हक्क सोडताय त्यालाच मुखत्यार करणं टाळा. आज गोडीत झालेलं काम पुढच्या पिढीला संशयास्पद वाटू शकतं.

परदेशात दोन भावंडं वेगवेगळ्या देशांत असतील तर प्रत्येकाचं मुखत्यारपत्र वेगळं करा. एकच कागद ह्यूस्टनहून सिडनीला फिरवण्यात महिने जातात.

मिळकत गोव्यात आहे. काही फरक?

मोठा. गोव्यात विवाहितांची मालमत्ता, वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची सामाईक धरली जाते आणि स्थावर मिळकत विकायला जोडीदाराची संमती लागते. त्यामुळे दूतावासात दोघांनीही जा, दोघांचंही मुखत्यारपत्र करा. वारसा सोडायचा असेल तर गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याखाली तो दस्त विशेष नोटरीपुढे होतो. पुण्याच्या वकिलाने केलेला महाराष्ट्राचा मसुदा तिथे जसाच्या तसा वापरू नका.

माझा पासपोर्ट आता परदेशी आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे.

बहुतेक दूतावास ओसीआय कार्डधारकांचे कागद साक्षांकित करतात, कार्ड दाखवावं लागतं. कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकांना सहसा स्थानिक नोटरी आणि अपोस्टिलच्या वाटेने जावं लागतं. शेतजमिनीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: अनिवासी भारतीय किंवा ओसीआय व्यक्तीला ती वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच.

निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला दूतावासातून मिळतो का?

मिळतो. मुलांकडे हिवाळा काढायला गेलेल्या आई-वडिलांची नोव्हेंबरातली ही नेहमीची धावपळ. पासपोर्ट आणि निवृत्तिवेतनाचा आदेश घेऊन स्वतः जावं लागतं. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. आधार असेल तर ‘जीवन प्रमाण’ची मोबाइलवरची चेहरा ओळखायची सोय आधी वापरून पाहा, दूतावासाची फेरी वाचू शकते. राज्य सरकारच्या निवृत्तांनी आपल्या बँकेला आणि कोषागाराला विचारून घ्यावं.

मुलाचा पासपोर्ट भारतात काढायचा आहे, बाबा परदेशात आहेत.

परदेशातल्या पालकाने ‘ॲनेक्स्चर डी’ हे संमतीचं घोषणापत्र दूतावासातून साक्षांकित करून मूळ प्रत पाठवायची. भारतातल्या पालकाने आपलं वेगळं भरायचं.

माझं पुणे विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र इथल्या नोकरीसाठी दूतावासातून साक्षांकित होईल का?

तो रस्ता भारतातून सुरू होतो: राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि दुबईसारख्या ठिकाणासाठी पुढे त्या देशाचा दूतावास. इथल्या भारतीय दूतावासात रांग लावून उपयोग नाही.

पुण्यातला ओळखीचा नोटरी स्कॅन केलेल्या सहीवर शिक्का मारून देतो म्हणतो.

करू नका. तुम्ही त्या दिवशी भारतात नव्हता हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून कोणीही सिद्ध करू शकतं. मग तो कागद, त्यावर झालेली विक्री आणि तो नोटरी, तिन्ही अडचणीत.

दिलेलं मुखत्यारपत्र रद्द कसं करायचं?

रद्द करण्याचा दस्तही तसाच साक्षांकित करून पाठवायचा. मुखत्याराला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात, बँकेत, सोसायटीत तो कागद वापरला गेला तिथे प्रत द्यायची, आणि मिळकत मोठी असेल तर स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. हे सगळं करायचं कारण, रद्द झाल्याचं माहीत नसलेल्या तिसऱ्या माणसाने प्रामाणिकपणे केलेल्या व्यवहाराला करार कायदा संरक्षण देतो. मूळ प्रत परत मागा. ती मिळाली नाही तर नोटिशीत तसं नमूद करा.

मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती गेली की ते साधारणपणे तिथेच संपतं. त्यानंतर मुखत्याराने सही करायची नसते, सौदा अर्ध्यावर असला तरी. पुढचा व्यवहार वारसांनी करायचा, आणि वारस परदेशात असतील तर त्यांच्या मुखत्यारपत्रासाठी अपॉइंटमेंट नव्याने घ्यावी लागते.